चाळिसाव्या ओळीखाली जाता येईना: एका पिग्मी रजिस्टरचं प्रकरण

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. कर्ज, ठेवी, खतावणी सगळं बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये, पिग्मीचं रोजचं रजिस्टर मात्र एक्सेलमध्ये. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सॉफ्टवेअरमध्ये एजंटवार आणि तारीखवार तक्ता असा समोर पसरून दिसत नाही." त्यात तथ्य आहे. १९२८ साली सिंडिकेट बँकेने दारोदार फिरून रोजचे दोन आणे गोळा करण्याची ही पद्धत सुरू केली, तेव्हापासून पिग्मीचा हिशेब म्हणजे उभ्या बाजूला माणसं आणि आडव्या बाजूला तारखा. असा तक्ता एक्सेलला मानवतो.

फाइलची रचना साधी होती. एप्रिल ते मार्च अशा बारा शीट आणि सगळ्यात पुढे 'सारांश' नावाची तेरावी. प्रत्येक महिन्याच्या शीटवर अकराशेच्या आसपास खाती, डावीकडे खातं क्रमांक, नाव आणि एजंट, पुढे तारखांचे रकाने, शेवटी बेरीज. फाइल कोणी नव्याने बनवलेली नव्हती. जुन्या वर्षाची फाइल उघडायची, 'सेव्ह अ‍ॅज' करायची, आकडे पुसायचे आणि नवं वर्ष चालू करायचं, असा शिरस्ता गेली कित्येक वर्षं चालू होता. हा मुद्दा पुढे फार कामाला आला.

फोन आला तो मार्चअखेरीस. अकाउंटंट मॅडमचा आवाज रडकुंडीला आलेला. "सर, फाइल उघडते, पण चाळिसाव्या ओळीच्या खाली जाताच येत नाही. उजवीकडची स्क्रोलची पट्टी गेली, खालची पण गेली. माऊस बदलून बघितला." संस्थेचा संगणकवाला तोवर ऑफिस काढून पुन्हा टाकून गेला होता. फरक शून्य. मॅनेजर साहेबांची तक्रार वेगळीच: त्यांच्या लॅपटॉपवर फाइल उघडायची, खाली टास्कबारवर तिचं चिन्ह दिसायचं, पण पडद्यावर काहीच नाही. आणि ऑडिटरच्या ऑफिसातला मुलगा, ज्याला हीच फाइल मेलने गेली होती, तो म्हणत होता की पट्टी त्याच्याकडेही नाही, पण माऊसचं चाक फिरवलं की तो शेवटपर्यंत जाऊ शकतो.

एकच फाइल, तीन मशीन, तीन वेगळ्या तक्रारी. असं ऐकलं की बहुतेक जण व्हायरसवर खापर फोडून मोकळे होतात. मला मात्र ही माहिती सोन्यासारखी वाटली, कारण एक्सेलमधल्या खिडकीच्या आणि पट्टीच्या दुखण्याचा तपास एकाच प्रश्नापासून सुरू होतो: हे सेटिंग मुक्कामाला कुठे आहे? काही गोष्टी फाइलमध्ये साठतात आणि फाइलबरोबर गावोगाव फिरतात. काही फक्त त्या वेळेपुरत्या, एक्सेल चालू आहे तोवर टिकतात. काही विंडोजच्या ताब्यात असतात. संगणकवाल्याने ऑफिस पुन्हा टाकलं ते एक्सेलचा प्रोग्रॅम बिघडलाय असं धरून. पण त्याच मशीनवर दुसरी कुठलीही फाइल उघडली की पट्ट्या जागच्या जागी होत्या. एवढी एक चाचणी आधी झाली असती तर त्याचा अर्धा दिवस वाचला असता.

पट्टी कोणी लपवली

उजवीकडची आणि खालची पट्टी दाखवायची की नाही, हे एक्सेल प्रत्येक वर्कबुकसाठी वेगळं लक्षात ठेवतं. फाइल मेनू, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे बरंच खाली गेल्यावर 'डिस्प्ले ऑप्शन्स फॉर धिस वर्कबुक' असा भाग लागतो. त्यात आडव्या पट्टीची, उभ्या पट्टीची आणि खालच्या शीट टॅबची अशा वेगवेगळ्या खुणा असतात. मॅडमच्या मशीनवर पहिल्या दोन खुणा काढलेल्या होत्या.

"सर, त्या खुणा संगणकवाल्याने पण केल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "पट्टी आली. सेव्ह केलं. सकाळी उघडली तर परत गायब. आणि आली होती तेव्हा पण ती हलत नव्हती."

या एका वाक्यात दोन धागे आहेत. फाइलमध्ये जपून ठेवलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी उलटं होतं, म्हणजे उघडताना कोणीतरी ते मुद्दाम उलटं करतंय. आणि पट्टी दिसत असूनही हलत नाही, म्हणजे पट्टी लपवण्याखेरीज आणखी काहीतरी केलेलं आहे.

फाइलच्या नावाचा शेवट बघितला तर ती मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप कामं करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, असलेली फाइल होती, एक्सएलएसएम. आधीच्या आठवड्यापर्यंत ती साधी एक्सएलएसएक्स होती. मग उलगडा होत गेला. संचालक मंडळाच्या बैठकीत सारांश टीव्हीवर दाखवायचा होता. संस्थेच्याच एका संचालकांच्या पुतण्याने, मुलगा हुशार आहे, 'सारांश'ला छान रंगरूप दिलं आणि फाइल उघडताना चालणारा एक छोटा मॅक्रो टाकला. त्याचा हेतू एवढाच की मोठ्या पडद्यावर फक्त तक्ता दिसावा, आजूबाजूचा पसारा दिसू नये आणि बोलता बोलता कोणाच्या हातून चाक फिरून तक्ता वर सरकू नये. म्हणून त्याने दोन्ही पट्ट्या लपवल्या आणि 'स्क्रोलएरिया' या गुणधर्मात ए१ ते एच४० एवढाच भाग लिहिला.

स्क्रोलएरिया लावलेली शीट म्हणजे दावणीला बांधलेली गाय: दाव्याच्या लांबीपलीकडे चरायला जाता येत नाही. त्या भागाबाहेरचा सेल निवडताच येत नाही आणि पडदाही बाहेर सरकत नाही. 'सारांश'साठी हे चाललं असतं, कारण तो तक्ता तेवढाच होता. पण मॅक्रोमध्ये एका शीटचं नाव घेण्याऐवजी सगळ्या शीटवरून फिरणारी ओळ लिहिली गेली होती. त्यामुळे मार्च महिन्याच्या अकराशे खात्यांना पण चाळिसाव्या ओळीचंच दावं बसलं. पट्ट्यांची गोष्ट तर आणखी सोपी आहे: त्या शीटच्या नसतातच, खिडकीच्या असतात. एका शीटसाठी लपवल्या की त्या वर्कबुकच्या सगळ्या शीटवरून जातात.

आता ऑडिटरच्या मशीनचं कोडं. पट्टी नाही, पण चाक चालतं, असं का? स्क्रोलएरिया फाइलमध्ये साठत नाही. फाइल बंद केली की ती विसरली जाते, म्हणून तर पुतण्याने ती दर वेळी उघडताना नव्याने लावायची सोय केली होती. पट्ट्यांचं लपणं मात्र फाइलमध्ये साठतं. ऑडिटरकडे फाइल मेलने गेली होती, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली आहे. त्यामुळे तिथे मॅक्रो चाललाच नाही, दावं बसलं नाही, पण आधीपासून साठलेलं लपणं तेवढं दिसलं. मॅडमच्या मशीनवर मॅक्रोला परवानगी दिलेली होती, म्हणून तिथे दोन्ही.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत झाली. पहिल्यांदा मॅडमना तातडीने नोंदी करायच्या होत्या, तेव्हा ऑल्ट + एफ११ ने मॅक्रोची खिडकी उघडली, डावीकडच्या यादीत मार्चची शीट निवडली, एफ४ दाबून तिच्या गुणधर्मांचा तक्ता काढला आणि 'स्क्रोलएरिया'समोरचा मजकूर पुसला. शीट त्या क्षणी मोकळी झाली. संध्याकाळी शांतपणे फाइल पुन्हा उघडली, पण एक्सेलच्या ओपन खिडकीतून आणि शिफ्ट दाबून धरून. शिफ्ट दाबलेलं असताना उघडताना चालणारा मॅक्रो चालत नाही. मग 'धिसवर्कबुक'मधला तो मॅक्रो काढला, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांच्या खुणा केल्या, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या जागेवर होत्या.

एक मत नोंदवून ठेवतो. नोंदी करायच्या फाइलला सजावट करू नये. ज्या फाइलमध्ये रोज दोन माणसं आकडे भरतात तिच्या पट्ट्या लपवणं, टॅब लपवणं, रिबन लपवणं हे 'प्रोफेशनल' वगैरे काही नसतं. दाखवायचं असेल तर वेगळी फाइल करावी, तिने मूळ फाइलमधून आकडे ओढावेत, आणि तिला हवा तेवढा पावडर-कुंकवाचा थाट करावा. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा त्याने वाईट वाटून घेतलं नाही, उलट दोन तासांत तशी फाइल करून दिली.

मॅनेजर साहेबांची न दिसणारी खिडकी

हे प्रकरण त्याच बैठकीतून जन्माला आलं, पण त्याचा मॅक्रोशी संबंध नव्हता.

एक्सेलची नवी फाइल म्हणजे प्रत्यक्षात झिपमध्ये बांधलेल्या अनेक छोट्या फाइलींचं गाठोडं. प्रत काढून तिच्या नावाचा शेवट झिप असा केला तर आत 'एक्सएल' नावाचा फोल्डर आणि त्यात वर्कबुक डॉट एक्सएमएल सापडते. नोटपॅडमध्ये उघडली की त्यात 'वर्कबुकव्ह्यू' अशी एक ओळ असते. खिडकी शेवटची कुठे होती, केवढी होती, कुठली शीट पुढे होती, पट्ट्या दिसत होत्या की नाही, शीट टॅबला किती जागा दिली होती, सगळं त्या एका ओळीत. मूळ फाइलवर हा प्रयोग करायचा नाही, नेहमी प्रतीवर.

साहेबांच्या फाइलमध्ये खिडकीची डावी कड २८६८० लिहिलेली होती. हा आकडा पिक्सेलमध्ये नसतो, ट्विपमध्ये असतो. १ इंच म्हणजे १४४० ट्विप, आणि विंडोजचं स्केल १०० टक्के असेल तर १ पिक्सेल म्हणजे १५ ट्विप. भागाकार केला तर १९१२ पिक्सेल. साहेबांच्या लॅपटॉपचा पडदा १९२० पिक्सेल रुंद आणि स्केल नेमकं १०० टक्के. म्हणजे खिडकी जिथे सुरू होते तिथे त्यांचा पडदा जवळपास संपलेला आहे. मधले ८ पिक्सेल कुठून आले? पूर्ण पडदाभर केलेली खिडकी विंडोज प्रत्यक्षात पडद्यापेक्षा चारी बाजूंनी ८ पिक्सेल मोठी धरतं, कड बाहेर राहावी म्हणून. एकाच पडद्यावर पूर्ण मोठी केलेली खिडकी उणे १२० ट्विपवर सुरू होते, आणि तिची रुंदी २९०४० येते, ती त्यामुळेच. थोडक्यात, फाइल दुसऱ्या पडद्यावर पूर्ण मोठी करून सेव्ह झाली होती. तो दुसरा पडदा म्हणजे बैठकीच्या खोलीतला टीव्ही.

"पण टीव्ही तर बंद आहे," साहेब म्हणाले.

टीव्ही बंद होता, वायर मात्र लॅपटॉपला तशीच लावलेली होती. बैठकीनंतर कोणी काढलीच नव्हती. बंद टीव्हीसुद्धा वायर जोडलेली असली तर विंडोजला अनेकदा 'आहे' असाच दिसतो, आणि पडदा 'एक्सटेंड'वर ठेवलेला असेल तर त्याची जागा धरून ठेवली जाते. फाइल सांगितलेल्या ठिकाणी इमाने इतबारे उघडत होती, फक्त त्या ठिकाणी काळोख होता. मॅडमच्या मशीनला दुसरा पडदाच नसल्याने तिथे एक्सेलने खिडकी आत ओढून घेतली होती, म्हणून त्यांना हा त्रास जाणवला नाही.

यावर तात्पुरता उपाय चुटकीसरशी होतो. टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक करून खिडकी निवडायची आणि विंडोज + शिफ्ट + डावा बाण दाबायचा, खिडकी शेजारच्या पडद्यावरून उडी मारून समोर येते. किंवा विंडोज + पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडायचं, म्हणजे दुसरा पडदाच रद्द. खिडकी पडद्याबाहेर अर्धवट अडकली असेल तर जुनी युक्ती अजून चालते: ऑल्ट + स्पेस, मग एम, मग बाणाने ओढत आणायची. साहेबांकडे दुसरा उपाय केला, फाइल समोर आणून सेव्ह केली आणि वायर काढून टीव्हीच्या मागे गुंडाळून ठेवली. ही वायर पुढच्या बैठकीनंतर पुन्हा तशीच राहणार याची मला खात्री आहे.

पट्टी आली, पण हाताला लागेना

इथपर्यंत सगळे खूश होते. दुसऱ्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन: "पट्टी आली ती बरी, पण पूर्वीसारखीच. जरा ओढली की कुठल्या कुठे जाते." पूर्वीसारखीच म्हणजे? म्हणजे हे दुखणं बैठकीच्या आधीपासूनचं होतं. त्यांनी ते एक्सेलचा स्वभाव समजून सोडून दिलं होतं आणि चाकावरच काम भागवत होत्या. म्हणून तर चाक अडलं तेव्हा त्यांचे हातपाय गळाले.

खरं सांगायचं तर या फाइलमधला सगळ्यात गंभीर भाग हाच होता. मॅक्रो आणि टीव्ही या गैरसोयी होत्या, इथे हिशेब बिघडत होता.

पट्टीतला जो ठोकळा आपण ओढतो, त्याचा आकार एक्सेल वापरलेल्या भागाच्या प्रमाणात ठरवतं. वापरलेला भाग म्हणजे फक्त आकडे असलेला भाग नव्हे. रंग भरलेला, चौकट आखलेला, फॉरमॅट बदललेला रिकामा सेलसुद्धा वापरलेला धरला जातो. त्याचा शेवट बघायला कंट्रोल + एंड दाबायचं. फेब्रुवारीच्या शीटवर दाबलं तर कर्सर थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर गेला. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये शीटची तीच शेवटची ओळ आहे. पट्टीची उंची सातशे पिक्सेल धरली तर ठोकळा १ पिक्सेल हलला की दीड हजार ओळी सरकतात. खाती अकराशे. म्हणजे केसाएवढा हात हलला की सगळं रजिस्टर ओलांडून माणूस पलीकडच्या रानात.

असं का झालं, ते शीटकडे बघूनच कळत होतं: अगदी तळापर्यंत काळ्या चौकटी आखलेल्या. कोणीतरी पाचव्या ओळीपासून कंट्रोल + शिफ्ट + खालचा बाण दाबून तळापर्यंत निवड केली आणि 'ऑल बॉर्डर्स' मारलं, "पुढे खाती वाढली तर पुन्हा रेघा मारायला नको" म्हणून. पूर्ण रकाना वरच्या अक्षरावर क्लिक करून निवडला असता आणि मग चौकट दिली असती, तर एक्सेलने ती रकान्याचीच खूण म्हणून एका जागी साठवली असती. मधून कुठून तरी सुरू होणारी निवड मात्र ओळीओळीने साठते. फाइल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागायचा, त्याचं कारणही हेच.

एप्रिलच्या शीटवर मात्र कंट्रोल + एंड ६५,५३६ वर थांबलं. हा आकडा बघून मला जरा गंमत वाटली. २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये, म्हणजे जुन्या एक्सएलएस फाइलींमध्ये, शीट बरोबर ६५,५३६ ओळींवर संपायची. त्या काळी एप्रिलच्या शीटवर कोणीतरी तळापर्यंत रेघा मारल्या, फाइल नव्या प्रकारात आली, दर वर्षी 'सेव्ह अ‍ॅज' होत राहिली आणि त्या रेघा वारसाहक्काने पुढच्या पिढीत येत गेल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या शीटचा तळ दहा लाखांच्या पुढे, म्हणजे तिथलं दुखणं त्यानंतरचं. मधल्या महिन्यांच्या शीट बऱ्यापैकी स्वच्छ होत्या.

अशा वेळी उपाय सगळ्यांना माहीत असतो: खालच्या जादा ओळी काढून टाका. पण काढण्याआधी त्या खरंच रिकाम्या आहेत का, हे बघायला हवं, आणि तेच बहुतेक जण बघत नाहीत. शेवटच्या खात्याच्या सेलवर उभं राहून कंट्रोल + खालचा बाण दाबायचा. खाली काही नसेल तर कर्सर सरळ तळाला जातो. जानेवारीत गेला. फेब्रुवारीत नावाच्या रकान्यात दाबला तर तो मधेच, तीन हजारांच्या घरातल्या एका ओळीवर थांबला.

तिथे एक खातं होतं. पूर्ण नाव, एजंटचं नाव, १० तारखेपासून रोजचे शंभर रुपये, एकूण १,९००. वरखाली शेकडो ओळी कोऱ्या, पण सगळ्यांना चौकटी. काय झालं असेल ते समोरच होतं. नवीन खातं उघडलं, नोंद करायला मॅडमनी किंवा त्यांच्या मदतनीसाने पट्टी ओढली, पडदा उडून खाली गेला, समोर रेघा मारलेला कोरा तक्ता दिसला आणि तो रजिस्टरचाच पुढचा भाग समजून नोंद झाली. वरची चार ओळींची पाटी गोठवलेली असल्याने रकान्यांची नावंही जागेवर दिसत होती. शंका यायला काही जागाच नव्हती. रोजच्या नोंदीसाठी कंट्रोल + एफने नाव शोधलं जायचं, त्यामुळे ते खातं दर वेळी सापडतही होतं.

बेरजेचं सूत्र मात्र पाचव्या ओळीपासून तळापर्यंत लिहिलेलं. त्यामुळे ते १,९०० रुपये एजंटच्या एकूण वसुलीत धरले जात होते. छापील यादीचा भाग मात्र ठरवून दिलेला होता, बाराशे ओळींपर्यंत, त्यामुळे यादीत ते खातं नाही. यादीची बेरीज आणि सारांशाची बेरीज १,९०० ने जुळत नव्हती. हा फरक संस्थेला माहीत होता. "एजंटने एखादी पावती दोनदा लिहिली असेल" असं म्हणून त्याचं कमिशन थांबवून ठेवलं होतं. महिनाभर तो माणूस आपली पावती पुस्तकं घेऊन ऑफिसच्या चकरा मारत होता.

ती ओळ कापून वर खऱ्या यादीच्या शेवटी आणली. फरक मिटला. साहेबांनी त्याच संध्याकाळी एजंटला बोलावून घेतलं.

मग सफाई. पहिली मोकळी ओळ तिच्या डाव्या आकड्यावर क्लिक करून निवडायची, कंट्रोल + शिफ्ट + खालचा बाण, आणि कंट्रोल + वजा. कीबोर्डवरची डिलीट कळ इथे उपयोगाची नाही, तिने मजकूर जातो, रेघा राहतात. ओळी पूर्ण काढल्या, सेव्ह केलं, पुन्हा कंट्रोल + एंड दाबून बघितलं: कर्सर शेवटच्या खात्यावर. ठोकळा हातात मावेल एवढा झाला.

यात एक खोच आहे, आणि ती आधी सांगितली नाही तर पुढच्या महिन्यात नवा घोळ. सूत्रात डी५ ते डी१०४८५७६ असा पट्टा असेल आणि तुम्ही खालच्या ओळी काढल्या, तर एक्सेल तो पट्टाही आखडून घेतं. तो शेवटच्या खात्यापर्यंत येतो आणि नंतर खाली भरलेली नवीन खाती बेरजेत येत नाहीत. पूर्ण रकान्याचा संदर्भ असेल तर असं होत नाही. इथे आम्ही ओळी काढल्यावर उरलेल्या यादीचं कंट्रोल + टी ने टेबल केलं आणि बेरजा टेबलच्या रकान्यांच्या नावाने लिहिल्या. टेबलच्या लगत खाली नवीन खातं टाकलं की टेबल आपोआप वाढतं, पट्टेही वाढतात, आणि रेघा टेबलच्या शैलीतूनच येतात. तळापर्यंत चौकटी मारायचा मोहच राहत नाही.

शाखेतला चौकोनी मॉनिटर

एक शाखा बाजूच्या गावात आहे. तिथे एक्सेल २००७, आणि १०२४ बाय ७६८ चा जुना चौकोनी मॉनिटर. दुरुस्त केलेली फाइल पेन ड्राइव्हवरून तिकडे गेली आणि तासाभरात तिथल्या क्लार्कचा फोन: "दादा, इथे अजून पण पट्टी नाही."

इथे कारण वेगळं. २०१० पर्यंतच्या एक्सेलमध्ये एका मोठ्या खिडकीच्या आत प्रत्येक फाइलची स्वतःची छोटी खिडकी असायची. २०१३ पासून ती पद्धत गेली आणि प्रत्येक फाइल स्वतंत्र खिडकीत उघडू लागली. मोठ्या पडद्यावर सेव्ह केलेली फाइल शाखेत उघडली तेव्हा आतली खिडकी बाहेरच्या खिडकीपेक्षा मोठी पडली, आणि तिच्या उजव्या कडेला असलेली पट्टी बाहेरच्या चौकटीखाली दबली. आतली खिडकी निवडून कंट्रोल + एफ१० दाबलं की ती चौकटीत बरोबर बसते. क्लार्कला फोनवरच सांगितलं, झालं.

दुसरी तक्रार गोठवलेल्या ओळींची. महिन्याच्या शीटवर वरच्या चार ओळी फ्रीझ केलेल्या: पहिलीत संस्थेचा लोगो, दुसरीत नाव-पत्ता, तिसरीत महिना, चौथीत रकान्यांची नावं. मोजायला चारच, पण लोगोची ओळच बोटभर उंच, नाव-पत्त्याची तिच्या खालोखाल. ७६८ पिक्सेल उंचीच्या पडद्यावर रिबन, सूत्राची पट्टी, टॅबची ओळ आणि टास्कबार वजा केला तर शीटला साडेचारशे ते पाचशे पिक्सेल उरतात. त्यातला निम्म्याहून अधिक भाग गोठवलेला. उरलेल्या फटीतून नोंदी करायच्या, आणि झूम वाढवला की तीही फट बंद. मग असं वाटतं की स्क्रोल चालतच नाही, प्रत्यक्षात तो फ्रीझच्या खाली, पडद्याबाहेर चालू असतो.

लोगो तिथे का आहे, असं विचारल्यावर उत्तर आलं, "प्रिंटवर प्रत्येक पानावर यायला पाहिजे ना." फ्रीझचा छपाईशी काहीच संबंध नसतो. पानापानावर यायचं ते 'पेज लेआउट'मधल्या 'प्रिंट टायटल्स'मध्ये सांगायचं, लोगो तर थेट पानाच्या हेडरमध्ये टाकता येतो. फ्रीझ काढलं, लोगो आणि पत्ता हेडरमध्ये नेले, रकान्यांची नावं पहिल्या ओळीत आणली आणि तेवढीच एक ओळ आणि डावीकडचे नावापर्यंतचे रकाने गोठवले. फ्रीझ करण्याआधी कंट्रोल + होम दाबून शीट वर आणायची. मधेच कुठेतरी सरकलेल्या अवस्थेत फ्रीझ केलं तर वरच्या ओळी कुलपात गेल्यासारख्या होतात, फ्रीझ काढेपर्यंत दिसत नाहीत.

शाखेत बाणाच्या कळा दाबल्यावर कर्सरऐवजी सगळी शीटच सरकते अशीही एक तक्रार होती. खाली स्टेटस बारवर 'स्क्रोल लॉक' लिहिलेलं होतं. कळ दाबली, गेलं. नव्या लॅपटॉपवर ही कळच नसते, तेव्हा विंडोजचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडून तिथून दाबावी लागते.

एप्रिलची नवी फाइल जुनीवरून 'सेव्ह अ‍ॅज' न करता कोऱ्या वर्कबुकमध्ये बनवली. बारा शीटवर बारा टेबल, मॅक्रो नाही, सारांशाची सजवलेली फाइल वेगळी. पुतण्याने तिच्यात आता पट्ट्या लपवल्या आहेत आणि तिथे त्या कोणाला नको आहेत. शाखेला नवा मॉनिटर मंजूर झाला, नवं एक्सेल अजून नाही, म्हणून क्लार्कने कंट्रोल + एफ१० असं लिहिलेली चिठ्ठी जुन्या मॉनिटरवरून काढून नव्यावर चिकटवली आहे.